आवाज एकाचा, फोटो दुसऱ्याचा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलंड बेटांपैकी एका छोट्या बेटावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका पक्ष्याच्या ओळखीवरून घडलेलं हे प्रकरण आहे. बेटाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या घराच्या परसात हे घडलं, त्या घराला आमच्यामुळे एकदा त्रास झाला आहे, पुन्हा व्हायला नको. बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

पक्षी पाहायला आलेले आम्ही सहा जण होतो. चौघे स्कॉटलंडचेच. त्यांतले गटप्रमुख वीसेक वर्षं दर शरदात शेटलंडला येणारे. पाचवी मी, नोकरीनिमित्त इकडे राहणारी. सहावे माझे शाळेतले जीवशास्त्राचे सर. निवृत्तीनंतर लेकीकडे एडिंबराला आले होते. पुण्याच्या आसपासचे पक्षी त्यांनी पस्तीस वर्षं पाहिले आणि त्याहून जास्त ऐकले. दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी कान टवकारायचे, ही सवय मला त्यांनीच लावली.

शेटलंडला झाडं जवळपास नाहीतच. माळ, पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदली माती, दगड, मेंढ्या आणि चारी बाजूंनी समुद्र. लोकांनी घराच्या आडोशाला सिकामोर किंवा फ्युशियाची झुडपं लावलेली असतात, आणि वाऱ्यापासून भाजी वाचवायला दगडांचे गडगे रचलेले असतात. आपल्या कोकणातल्या गडग्यासारखेच, चुना-मातीशिवाय नुसते एकावर एक दगड. रात्रभर समुद्रावरून उडून आलेल्या दहा ग्रॅमच्या पक्ष्याला दूरवर दुसरा निवारा नसतो. म्हणून इथे पक्षी शोधायचे म्हणजे गडगा, नाला, कोबीचा वाफा आणि परसातलं एखादं झुडूप शोधायचं.

स्कँडिनेव्हियावर हवेचा दाब जास्त असला की उत्तर समुद्रावरून आग्नेय वारा सुटतो. त्या रात्री नॉर्वे-डेन्मार्ककडून दक्षिणेला निघालेले पक्षी पश्चिमेला ढकलले जातात. त्यात पाऊस किंवा धुकं आलं तर समोर दिसेल त्या जमिनीवर उतरतात. इथले पक्षीनिरीक्षक याला ‘फॉल’ म्हणतात. आमच्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी तेच झालं. दोन दिवस आग्नेय वारा होता, तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस, आणि चार वाजेपर्यंत कुंपणाच्या तारेवर रॉबिन, नाल्यात रेडस्टार्ट, आणि फ्युशियात पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या. हा शेवटचा सायबेरियातल्या जंगलातून येतो, वजन पाच-सहा ग्रॅम, आणि खरं म्हणजे त्याने आग्नेय आशियाकडे जायला हवं. पूर्वी हा इथे फार दुर्मीळ होता, आता सप्टेंबरअखेर त्याची वाट पाहिली जाते.

या बेटांवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची परंपरा जुनी आहे. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध फेअर आयल नावाचं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. पक्षीतज्ज्ञ विल्यम ईगल क्लार्क यांनी १९०५ पासून तिथे शरदातल्या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. पक्षीनिरीक्षक जॉर्ज वॉटरस्टन यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना तिथल्या पक्षी-निरीक्षण केंद्राचा आराखडा रचला आणि १९४८ मध्ये ते उभं केलं. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राची इमारत जळाली, पण १९४८ पासूनच्या पक्षीनोंदी आधीच डिजिटल करून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पक्षी निघून जातो, त्या दिवशी कुणीतरी जे लिहून ठेवलं तेवढंच मागे राहतं.

अडचण

पावणेपाचला आम्ही एका क्रॉफ्टशी पोचलो. क्रॉफ्ट म्हणजे घर, थोडी शेती आणि मेंढ्यांची जमीन. घरामागे गडग्याच्या आत केल या कोबीच्या जातीच्या भाजीचा वाफा होता आणि कोपऱ्यात वाऱ्याने एका बाजूला झुकलेले तीन सिकामोर. गटातले तिघे पुढे गेले होते. सर रस्त्यावरच थांबले. कानटोपी वर सरकवली आणि हात वर केला.

“चक्.” मग थोड्या वेळाने, “चक्, चक्.”

सर माझ्याकडे वळले. “अगं, हा आपला ब्लाइथ.”

ब्लाइथचा बोरू वटवट्या पुण्यात कुणालाही ऐकू येतो, पण ओळखीचा फार थोड्यांच्या असतो. सप्टेंबरात येतो आणि एप्रिल संपेपर्यंत आंब्यात, बोगनवेलीत, मेंदीच्या कुंपणात राहतो. दिसत नाही, दिवसभर नुसता जिभेने टाळूवर वाजवल्यासारखा चक् चक् करत असतो. फिनलंड, बाल्टिक देश, रशिया ते मध्य आशिया एवढ्या पट्ट्यात त्याची वीण होते आणि हिवाळ्यात जवळजवळ सगळेच भारतीय उपखंडात येतात. म्हणजे शरदात त्याचा रस्ता आग्नेयेकडे. शेटलंड बरोबर उलट्या दिशेला आहे. पहिल्याच प्रवासाला निघालेल्या काही पिल्लांची उपजत दिशाच उलटी पडत असावी आणि वारा त्यांना आणखी पुढे रेटत असावा, असं मानलं जातं. ब्रिटनमधली त्याची पहिली नोंद १९१० ची, फेअर आयलचीच. आता दर शरदात काही सापडतात, तरी शेटलंडमध्येही ब्लाइथ दिसला की माणसं गाड्या काढून येतात.

सरांना सिकामोरमध्ये पाठ आणि शेपटी एवढंच दिसलं. मला काहीच दिसलं नाही. पाच मिनिटांनी केलच्या पानांवर एक साधा तपकिरी वटवट्या उतरला. देठावर आडवा बसून पानाखालच्या माश्या टिपत होता. मी तीन फोटो काढले. मग पुन्हा पाऊस आला, उजेड गेला.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. त्यानंतर मी स्थानिक पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला: ब्लाइथचा बोरू वटवट्या, आवाज ऐकला, फोटो सोबत. खाली क्रॉफ्टचं नाव लिहिलं.

तासाभरात उत्तरं आली, सभ्य पण ठाम. फोटोतल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखाची टोकं लांब आहेत. कमरेवर तांबूस झाक आहे. हा साधा रीड वॉर्बलर, युरोपात वीण करून आफ्रिकेत जाणारा. आवाजाचं म्हणाल तर ब्लॅककॅप हा वटवट्याही टक् टक् करतो, त्याच्याच जातकुळीतला लेसर व्हाइटथ्रोटही करतो, आणि दोन्ही या आठवड्यात बेटावर आहेत.

मी फोटो मोठा करून पाहिला. त्यांचं बरोबर होतं. ब्लाइथचा पंख आखूड असतो, पाठ थंड मातकट असते, भुवई डोळ्याच्या पुढे फुगीर दिसते. माझ्या फोटोत यातलं काहीच नव्हतं.

समोरचे पर्याय

रात्री भाड्याच्या घरात चहा घेत बसलो. खिडकीच्या काचेवर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. सर गप्प होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

पहिला पर्याय संदेश मागे घेऊन विषय संपवण्याचा. गटातल्या दोघांना हेच हवं होतं. चुकीची बातमी रात्रभर तशीच राहिली तर लोक सकाळी लांबून येतील, हा त्यांचा मुद्दा योग्य होता.

दुसरा, जाळी लावून पक्षी पकडायचा. हातात आला तर पंखाची मापं घेता येतात. साधारणपणे रीड वॉर्बलरच्या बाहेरच्या एका पिसाच्या कडेला खाच असते, ब्लाइथच्या दोन पिसांना. पण पक्षी पकडून पायात ओळखीची कडी घालायला बीटीओ या ब्रिटिश पक्षी-संस्थेचा परवाना लागतो, तो असलेलं त्या दिवशी बेटावर कुणी नव्हतं. आणि असतं तरी त्या वाऱ्यापावसात दमलेल्या पक्ष्याला जाळ्यात अडकवू नये, यावर आमचं चटकन एकमत झालं.

तिसरा, विष्ठेचा नमुना. दुर्मीळ पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा गळलेल्या पिसातून डीएनए काढून ओळख पटवण्याचं काम ॲबर्डीन विद्यापीठात होतं. पण नमुना घ्यायला केलच्या वाफ्यात शिरावं लागलं असतं. शिवाय त्या पानावर कुठला पक्षी बसला होता, हे कसं सांगणार? त्या रात्री हा दुसरा मुद्दा कुणीतरी सहज बोलून गेलं. तेव्हाच आमचे डोळे उघडायला हवे होते.

चौथा, पहाटे दोघा-तिघांनी वाफ्यातून चालत जाऊन पक्षी उठवायचा. मोकळ्या नाल्यात असं करतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने माळावर, डोंगरावर जबाबदारीने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे. घरालगतची बाग आणि उभं पीक मात्र त्यातून वगळलेलं आहे. हा पर्याय गटप्रमुखांनी एका वाक्यात मोडून काढला.

पाचवा, घरमालकिणीची परवानगी घेऊन रस्त्यावरच्या बाजूला गडग्याबाहेर शांत बसून राहायचं.

चर्चा पाचव्याकडे झुकत असताना गटप्रमुखांनी सरांना विचारलं, “तुम्ही जो ऐकलात, तोच फोटोत आहे का?”

सर म्हणाले, “मी तसं म्हटलंच नाही. आवाज झाडातून आला. फोटो कोबीवरचा. मधे निदान वीस फूट अंतर होतं.”

तीन तास हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मी विचारला नाही, कारण सरांना उलटतपासणी कशी करायची. बाकीच्यांनी विचारला नाही, कारण पाहुणे वयस्कर, इंग्रजी सावकाश बोलणारे, त्यांना अवघडल्यासारखं होईल. आदर माझाही खरा होता आणि त्यांचाही, पण त्या आदरापायी सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार न बोलता बसून राहिला. आवाज आणि फोटो एकाच पक्ष्याचे, हे मी मनात धरून चालले होते आणि तसंच जगाला सांगून बसले होते.

काय केलं

रात्री साडेनऊला संदेश बदलला. नव्या संदेशात तीनच गोष्टी होत्या. फोटोतला पक्षी रीड वॉर्बलर. सिकामोरमधून ऐकलेल्या आवाजाचा पक्षी नीट पाहिला गेलेला नाही, ओळख बाकी. सकाळी घरमालकिणीशी बोलेपर्यंत कृपया येऊ नये.

शेवटची ओळ उशिरा आली. सकाळी साडेसातला, नुकतं उजाडत असताना, क्रॉफ्टच्या फाटकाशी चार गाड्या उभ्या होत्या. कोकरांच्या विक्रीचे दिवस होते. बाईंची कोकरं न्यायला दहा वाजता ट्रक येणार होता आणि फाटक अडलेलं. त्या रबरी बूट घालून अंगणात उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, पण स्वतःच्या दारात इतकी अनोळखी माणसं बघून बावरल्या होत्या. मला फार लाज वाटली. घराचं नाव मी न विचारता जाहीर केलं होतं.

गटप्रमुख एकटे त्यांच्याकडे गेले. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणाले, नको, आधी एकाच माणसाने जाणं बरं. दहा मिनिटांनी ठरलं ते असं: गाड्या गावच्या हॉलपाशी लावायच्या, फाटकाच्या आत कुणी जायचं नाही, गडग्याजवळ एका वेळी पाचच जण, आणि ट्रक आला की सगळ्यांनी मागे सरायचं. मी पुढे होऊन बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, पक्षी आहे तरी कुठला? सरांनी सांगितलं, तो दरवर्षी माझ्या कुंपणात येतो, यंदा वाट चुकून तुमच्याकडे आलाय. बाई थोडा वेळ सिकामोरकडे बघत राहिल्या.

मग वाट पाहणं. वारा अजून आग्नेयच होता, म्हणजे पक्षी रात्री निघून गेलेला नसावा. एक तास चाळीस मिनिटं. दगडांतून वारा शिटी घालत होता. तारेला मेंढीच्या लोकरीचे पुंजके अडकून फडफडत होते. एक ब्लॅककॅप बाहेर आला आणि टक् टक् करून गेला. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. सर हळूच म्हणाले, “हा जड आहे. दगडावर दगड. आपला कोरडा असतो, हलका.” मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर सगळे फरक ऐकायला लागले.

नऊ वाजून काही मिनिटांनी सिकामोरमधून चक् आलं. या वेळी गडग्यावर ठेवलेल्या तीन फोनांत ध्वनिमुद्रण सुरू होतं. मग केलमध्ये हालचाल झाली आणि तांबूस कमरेचा, लांब पंखांचा कालचा पक्षी वर आला. त्याच्या मागच्या देठावर, हातभर अंतरावर, दुसरा उतरला. मातकट, लांब चोचीचा, मान आणि शेपटी दोन्ही वर उचलून केळ्यासारखा बाक देऊन बसलेला. आखूड पंख, डोळ्यापुढे फुगलेली भुवई, पाय राखी. त्याने चोच उघडली आणि आम्ही आवाज निघताना पाहिला.

चौदा-पंधरा सेकंद दोन्ही एका दुर्बिणीत मावत होते. कुणी काही बोललं नाही. मी सरांकडे पाहिलं तर ते डोळे मिटून ऐकत होते.

निष्पत्ती

ब्लाइथ त्या परसात आणखी दोन दिवस राहिला. दिवसभरात तिसाहून जास्त लोक येऊन पाहून गेले, सगळे बाईंनी घातलेल्या नियमांप्रमाणे. तिसऱ्या रात्री आकाश निरभ्र झालं, वारा पडला, सकाळी दोन्ही वटवटे नव्हते. ब्लाइथ पुढे कुठे गेला हे कधीच कळणार नाही. अशा पक्ष्यांतले किती योग्य रस्त्याला लागत असतील, या विचाराने मला अजूनही बेचैन वाटतं.

दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीला आम्ही लेखी वर्णन, फोटो आणि आवाज पाठवला. पहिल्या संध्याकाळची चूकही लिहिली, चुकीच्या फोटोसह. सरांनी नोव्हेंबरात पुण्याच्या अंगणातल्या ब्लाइथचा आवाज फोनवर टिपून पाठवला, तोही तुलनेसाठी जोडला. नोंद स्वीकारली गेली. रीड वॉर्बलरचीही झाली. शेटलंडला तोही काही रोजचा नाही, पण त्या सकाळी त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या ‘चक्’लाच फोन काढून आवाज टिपायचा. फोन माझ्या खिशात होता. पाच मिनिटं सर ऐकत होते आणि मी दुर्बिणीतून फांद्या चाळत होते. ते पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण असतं तर रात्रीची निम्मी चर्चा झालीच नसती.

आता आमच्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन रकाने असतात, ऐकलं आणि पाहिलं, आणि प्रत्येकात कुणी, कुठून, किती वाजता. दोन्ही रकाने भरले तरी पक्षी एकच होता का, हा प्रश्न वेगळा विचारायचा. फॉलच्या दिवशी एका वाफ्यात एकच वटवट्या असेल असं धरून चालण्यात काही अर्थ नाही, कारण निवारा तेवढाच असतो आणि येणारे सगळे त्यातच शिरतात.

ज्याने पक्षी पहिल्यांदा टिपला त्याला, तो कितीही मोठा किंवा नवखा असो, त्याच दिवशी नीट प्रश्न विचारायचे. सरांनीच मला नंतर सांगितलं, “अगं, तू विचारलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. मी समजत होतो, तुमचा माझ्यावर विश्वास उडालाय.” ते ऐकून मला रात्रभर झोप आली नाही.

बातमी कधी द्यायची, यावर मात्र गटप्रमुखांचं आणि माझं आजही जमत नाही. ते म्हणतात, त्या संध्याकाळी “अनोळखी वटवट्या, बहुधा ब्लाइथ” एवढं सांगायला हवं होतं, ठिकाण न देता. उशीर केला तर बेटावरच्या इतरांची संधी जाते आणि चार अनुभवी डोळ्यांची मदतही. माझं मत, घरमालकाची परवानगी मिळेपर्यंत एक अक्षरही बाहेर जाऊ नये. बेट लहान आहे. ठिकाण लिहिलं नाही तरी आमची गाडी कुठे उभी होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. यंदाही त्याच आठवड्याची बोट ठरवली आहे. निघायच्या आधी बाईंना फोन करायचा, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे.